पाव फेऱ्याचं स्टिअरिंग

इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना, इंदूरमधल्या स्नेहलतागंजच्या आमच्या घरात मला कुणी काही विचारलं नाही तरी मी उत्तर देत असे. पंखा का घरघरतो, नळातून पाण्याआधी हवा का येते, स्टेशनात शिरणाऱ्या गाडीची शिट्टी जवळ येताना बारीक आणि लांब जाताना जाड का ऐकू येते, हे सगळं मी पोहे खाता खाता समजावून सांगायची. आई माझ्या बशीत आणखी सेव टाकायची, म्हणजे तोंड थोडा वेळ बंद राहावं. बाबा वर्तमानपत्र जरा उंच धरायचे. मेकॅनिकलच्या वर्गात आम्ही दोघीच मुली होतो, आणि वर्कशॉपमध्ये मी दिवसभर जेवढी गप्प बसे, तेवढं सगळं घरी येऊन बोलून टाकत असे. एकदा तर मी घरचा मिक्सर उघडून दुरुस्तही केला. त्यानंतर तो फक्त तीन नंबरवर चालायचा आणि चटणी वाटताना आईला झाकणावर दोन्ही हात दाबून उभं राहावं लागायचं, पण चालायचा. एवढ्या भांडवलावर मी शेजारपाजारच्या दहा घरांत इंजिनियर म्हणून ओळखली जात होते, आणि ती ओळख मी कधी नाकारली नाही.

कमलआत्या ही बाबांची थोरली बहीण. मुलींच्या शाळेत ती तीसेक वर्षं गणित शिकवत होती. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे तिला विचारायची आमच्या नात्यात कुणाची छाती नव्हती. निवृत्त झाल्यावर तिनं राऊच्या पुढे साडेतीन एकर जमीन घेतली, तिथे दोन खोल्या बांधल्या आणि राहायला गेली. आमचे आजे-पणजे सगळे संस्थानच्या दफ्तरात कारकुनी केलेले. घराण्यात कुणाच्या नखात माती गेली असेल तर ती कुंडीतली. बाबा म्हणाले, "ताई, हे आपलं काम नाही." आत्या म्हणाली, "गणित तरी कुठे आपलं होतं? शिकलेच ना." पहिल्या वर्षी तिनं लसूण लावला, दुसऱ्या वर्षी बटाटे. भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट बघून बघून तिचा जीव विटला, तेव्हा एका नर्सरीवाल्याकडून तिनं जुना, बुटका ट्रॅक्टर घेतला. मोठ्या ट्रॅक्टरशेजारी तो शाळेत चुकून मोठ्या वर्गात बसवलेल्या पोरासारखा दिसायचा. रंग एके काळी निळा असावा. तीन दिवसांत ती तो चालवायला शिकली. साडीचा पदर खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्याला रुमाल, आणि चेहरा वर्गात शिरतानाचा.

त्या ट्रॅक्टरचं इंजिन झकास होतं. रोग होता तो स्टिअरिंगला. हातातलं चाक पाव फेरा फिरवलं तरी पुढची चाकं जागची हलत नसत, आणि मग एकदम काहीतरी आठवल्यासारखी वळत. सरळ रस्त्यावरसुद्धा आत्या सारखी डावी-उजवीकडे चाक फिरवत बसलेली दिसायची, जणू सूप पाखडते आहे. शेजारचे मांगीलाल पटेल बांधावर बिडी ओढत ते बघायचे आणि म्हणायचे, "मास्टरनीजी, गाड़ी चला रे हो के छाछ बिलो रे हो?" ताक घुसळण्याचा हा टोमणा ऐकूनही आत्या चाक फिरवत राहायची. पण दसऱ्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे गेले तेव्हा जेवताना ती म्हणाली, "नाक्यावरच्या नंदराम मिस्त्रीला बोलवावं म्हणते. बटाट्याच्या सऱ्या पाडायच्या आहेत पंधरा दिवसांत. हे असं चाललं तर शेतात नकाशावरची नदी उमटेल."

मी तिखटमिठाची पुरी हातात तशीच धरून म्हणाले, "मिस्त्री कशाला? स्टिअरिंग बॉक्समध्ये प्ले आलाय, ढिलेपणा. मी काढून देते."

हे वाक्य मी आज लिहिते आहे तेव्हा विजय नगरात सातव्या मजल्यावर बसले आहे, माझ्या गाडीचं स्टिअरिंग एका बोटानं फिरतं, आणि तरीही कानाच्या पाळ्या गरम होतात. स्टिअरिंग बॉक्स मी तोवर फक्त चित्रात पाहिला होता. चित्र मात्र फार सुंदर काढलं होतं.

आत्यानं माझ्याकडे क्षणभर पाहिलं. तिचा माझ्यावर विश्वास होता. घराण्यात गणित समजणारी मी दुसरीच, असं ती लोकांना सांगायची. "बघ बाई," ती म्हणाली, "मशीनचं मला काही कळत नाही. तुला कळतंय तर कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजचा निळा एप्रन घालून ट्रॅक्टरपाशी गेले. तो एप्रन मी मुद्दाम इंदूरहून बरोबर आणला होता, हे इथे कबूल करायला हवं. ट्रॅक्टर भिंतीला लागून तिरका उभा होता, पुढची चाकं डावीकडे पुरती वळलेली. बॉक्सच्या एका बाजूला घट्ट-ढिलं करायचा एक स्क्रू असतो आणि त्याच्यावर त्याला जखडणारा नट, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. तो सापडला तेव्हा एखादी जुनी मैत्रीण गर्दीत भेटावी तसा आनंद झाला मला. नट सोडला, स्क्रू कसला, चाक हलवून बघितलं. थोडा प्ले कमी झाला. आणखी कसला. आणखी कमी झाला. शेवटी चाक इतकं घट्ट बसलं की भिंतीतल्या खुंटीसारखं. नट आवळला, हात पुसले आणि आत्याला हाक मारली. एकंदर वीस मिनिटं लागली. नंदराम मिस्त्रीनं अख्खा दिवस घालवला असता, असंही मी म्हणाले.

आत्या चढून बसली, इंजिन सुरू केलं, ट्रॅक्टर मागे घेतला. तिच्या मनगटांच्या शिरा फुगलेल्या मला दिसल्या. "मधू, जड लागतंय गं."

"जड म्हणजे चांगलं. इतके दिवस ढिल्याची सवय होती ना तुला. बसेल हळूहळू."

बसेल, हा शब्द मी कशाच्या आधारावर वापरला कोण जाणे. अंगणातून बाहेर पडलं की थोडा उतार, तोही डावीकडेच वळत जाणारा, आणि त्या वळणाला लागूनच नाल्यावरची अरुंद पुलिया. तिच्यापलीकडे शेत. मी कौतुक करून घ्यायला मागोमाग चालत होते. आत्या डावीकडे वळली, छान वळली. मग चाकं सरळ करायला तिनं स्टिअरिंग उजवीकडे आणलं आणि ते अर्ध्यात अडकलं. मी तिची पाठ बघत होते. दोन्ही खांदे उचलून ती चाक ओढत होती, ट्रॅक्टर मात्र वळतच राहिला होता, शांतपणे, घाई नसल्यासारखा. पुढचं डावं चाक पुलियाच्या कडेवरून खाली गेलं, दगडावर आपटलं, आणि त्या धक्क्यानं स्टिअरिंग एकदम सुटून उलटं गरकन फिरलं. त्याच्या दांडीचा फटका तिच्या मनगटावर बसला. ट्रॅक्टर नाल्यात तोंड घालून थांबला. आत्यानं उजव्या हातानं इंजिन बंद केलं. सगळीकडे एकदम शांत झालं आणि नाल्याच्या पलीकडून टिटवी ओरडायला लागली.

मनगट मोडलं होतं. मांगीलाल पटेलांनी त्यांच्या जीपमधून आम्हाला इंदूरला आणलं. वाटेत आत्या हात मांडीवर धरून बसली होती आणि एकदाच बोलली. म्हणाली, "माझ्या हातांत जोर राहिला नाही, मधू. चाक ओढलंच गेलं नाही मला."

त्याच वेळी मी बोलायला हवं होतं. मी खिडकीबाहेर बघितलं.

सहा आठवड्यांचं प्लास्टर घालून आत्या आमच्याकडे स्नेहलतागंजला आली. बाहेरच्या खोलीत तिची कॉट टाकली. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. जो तो पोहे खायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा की साठीला आलेल्या बाईमाणसानं ट्रॅक्टरच्या फंदात पडायलाच नको होतं. पटेल तर रस्त्यावर सगळ्यांना सांगत होते म्हणे की मास्टरनीजींना वळण जमलं नाही. आणि बाबा, माझे सरळमार्गी बाबा, प्रत्येकाला एकच सांगायचे, "गाडीत काही खोट नव्हती हो. आमच्या मधूनं त्याच सकाळी तपासली होती." माझी कारागिरी ही आत्याच्या विरुद्धचा पुरावा झाली होती. मी सरबताचा ट्रे घेऊन उभी असायची आणि लोक माझ्याकडे कौतुकानं बघायचे. त्या दिवसांत मी घरात कुणाला काहीही समजावून सांगितलं नाही. आईला वाटलं, मला धक्का बसलाय. तिनं माझ्यासाठी रव्याचे लाडू केले. मी ते खाल्ले.

पाचव्या दिवशी बाबांनी जाहीर केलं की ट्रॅक्टर विकायचा. नर्सरीवाला परत घ्यायला तयार होता, रविवारी येऊन बोलणार होता. आणि ट्रॅक्टर गेला की जमीनही कुणाला तरी कसायला देऊन टाकायची, ताईनं इथेच राहायचं. मला वाटलं आत्या आता त्यांना फाडून खाईल. ती प्लास्टरकडे बघत म्हणाली, "बघ तुला काय ठीक वाटतं ते." आत्याच्या तोंडून असं वाक्य आमच्या घरात कुणीच कधी ऐकलं नव्हतं. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी उठून मोरीत हात धुवायला गेले, हात स्वच्छ असताना.

दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून मी राऊच्या बसमध्ये बसले. नंदराम मिस्त्रीचं दुकान नाक्यावर होतं, म्हणजे लिंबाचं झाड आणि त्याखाली एक पेटी. काडीसारखा बारीक माणूस, कानावर पेन्सिल. मी त्याला म्हणाले, ट्रॅक्टर विकायचाय, त्याआधी स्टिअरिंग बघून द्या. तो लुनावर मला मागे बसवून शेतावर घेऊन आला. पटेलांच्या माणसांनी ट्रॅक्टर ओढून अंगणात आणून ठेवला होता. नंदरामनं दोनदा चाक फिरवलं, मधोमध ते अडकलं, तसा तो हसला.

"ये किसने कसा?"

"पता नहीं," मी म्हणाले.

"जिसने भी कसा, गाड़ी टेढ़ी खड़ी करके कसा." मग त्यानं मला समजावलं, आणि ते इतकं सोपं होतं की मला रडू यायला लागलं. त्या बॉक्समधले दाते मधोमध, चाकं सरळ असताना, मुद्दाम जास्त दाटून बसवलेले असतात. चाकं वळली की ते मोकळे होतात. मी चाकं वळलेली असताना, त्या मोकळ्या जागी, होता नव्हता तो सगळा मोकळेपणा पिळून काढला होता. मग मधोमध आल्यावर ते अडकणार नाहीत तर काय करतील. त्यानं पुढची चाकं सरळ केली, स्क्रू ढिला केला आणि बेताबेतानं पुन्हा बसवला.

"अब बैठो ऊपर," तो म्हणाला. "चक्का थोड़ा-थोड़ा हिलाओ. इधर-उधर, बस." मी वर बसून चाक हलवत राहिले आणि तो खाली उकिडवा बसून प्रत्येक सांध्यावर हात ठेवत गेला, वैद्य नाडी बघतो तसा. मग मला खाली बोलावलं, स्वतः वर बसला आणि माझा हात सांध्यांवर ठेवायला लावला. पहिल्या सांध्याला माझ्या बोटांखाली दांडा आणि वाटी एकदमच हलली. दुसऱ्याला दांडा आधी हलला आणि वाटी मागून, मध्ये बारीकशी टक. पलीकडच्याला तर करंगळी जाईल एवढी फट. "ये रहा आपका पाव चक्कर," तो वरून म्हणाला. "बॉक्स में कुछ था ही नहीं. ये दो गुल्ले घिस गए. बदल दूँगा, बस." दीड वर्षाच्या शिक्षणात मला कुणी सांध्यावर हात ठेवायला सांगितलं नव्हतं, असं मी मनाशी म्हणून पाहिलं. पण ते खरं नव्हतं. मीच कुणाला विचारलं नव्हतं.

जाताना तो हात पुसत म्हणाला, "मास्टरनीजी को बोल देना, उनके हाथ का कसूर नहीं. इसको तो पहलवान भी नहीं घुमा सकता था." एवढं बोलून त्यानं माझ्या एप्रनकडे पाहिलं. तो मी का घालून गेले होते, देव जाणे. त्यानं कानावरची पेन्सिल नीट खोचली आणि लुना सुरू केली.

रविवारी नर्सरीवाला आला. बाहेरच्या खोलीत तो, बाबा, कॉटवर आत्या, दारात आई. बोलणं सुरू होणार तेवढ्यात मी मध्ये उभी राहिले आणि बोलायला लागले. आजही ते भाषण आठवलं की पायाचे अंगठे आत वळतात. दात्यांची रचना, मधल्या स्थितीतला दाब, कडेच्या स्थितीतला मोकळेपणा, झीज कुठे होती आणि ती कुठे आहे असं मानलं गेलं, असं मी पाचेक मिनिटं बोलले. 'मानलं गेलं' हे शब्द मी वापरले. कुणी मानलं, ते त्यात नव्हतं. नर्सरीवाला जांभई दाबत होता. बाबा म्हणाले, "ठीक आहे, पण म्हणजे काय?"

"म्हणजे ट्रॅक्टर मी बिघडवला," मी म्हणाले. "आधी थोडा खराब होता. त्या सकाळी मी त्याला पुरता खराब केला. आत्याचं काही चुकलं नाही."

 स्टेशनात एक इंजिन डबे जोडत होतं, त्याचे धक्के ऐकू येत होते. आत्या कॉटवरून उठली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं ती मारणार, आणि खरं तर मला बरं वाटलं असतं. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "आठ दिवस मी रात्रंदिवस माझ्या हातांकडे बघतेय. कप धरताना बघतेय, पदर सावरताना बघतेय. म्हटलं, संपलं आता. आणि तुला ठाऊक होतं."

"हो."

ती नर्सरीवाल्याकडे वळली. "भाईसाब, गाड़ी बिकाऊ नहीं है. चाय पीके जाइए." आणि बाबांना म्हणाली, "परवा मला शेतावर सोड. सऱ्या पाडायच्या आहेत. हिला पण घे. ही पाडेल."

त्यानंतर आत्या माझ्याशी बोलायची बंद झाली. बोलायची, पण थेट नाही. आईला, बाबांना, प्रसंगी पटेलांच्या म्हशीला उद्देशून ती बोलायची, 'त्या मुलीला सांगा.' नंदरामनं दोन्ही सांधे बदलून दिले होते. स्टिअरिंग आता इतकं आज्ञाधारक झालं होतं की चूक झाली तर ती माझीच असणार, यात शंकेला जागा नव्हती. आणि चुका झाल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा ट्रॅक्टरवर बसले होते. आत्या गळ्यात हात बांधून बांधावर खुर्ची टाकून बसली होती, आणि पटेल तिच्या शेजारी, करमणुकीला. मी मागे वळून सरी बघायची की सरी तिकडेच वळायची. सरळ जायचं म्हणून चाक घट्ट धरलं की उजवीकडे जायची. चार दिवस मी ते शेत नांगरत, सरी पाडत फिरले, हाताला फोड आले, आणि शेवटी जे उमटलं त्याला सरळ रेषा म्हणायला गणिताच्या शिक्षिकेसमोर माझी जीभ रेटेना. बायकांनी त्या सऱ्यांत बटाटे लावले. तीन आठवड्यांत कोंब वर आले, आणि माझी सगळी वळणं हिरवीगार होऊन राऊच्या रस्त्यावरून दिसायला लागली. बसमधले लोक बोट दाखवायचे.

प्लास्टर निघाल्यावर चार दिवसांनी रोपांना माती चढवायची होती. डॉक्टरांनी हात जपा म्हणून सांगितलं होतं. आत्यानं कॅनव्हासचे बूट घातले, डोक्याला रुमाल बांधला आणि चढून बसली. चाक दोनदा इकडे-तिकडे फिरवून पाहिलं. उतारावरून खाली गेली, डावीकडे वळली, सरळ झाली, पुलिया ओलांडली. मी मागे चालत होते. पण खरी पंचाईत पुढे होती. रोपांमधून ट्रॅक्टर न्यायचा म्हणजे त्यांच्या ओळीबरोबरच न्यावा लागतो. माझ्या ओळीबरोबर. मी जिथे जिथे भरकटले होते, तिथे तिथे आता तिलाही भरकटावं लागत होतं. एवढं सरळ आयुष्य काढलेली बाई, उत्तम स्टिअरिंग हातात असून, नागमोडी चालली होती. बांधावरून पटेल काहीतरी ओरडले. ती एका भलत्याच मोठ्या वळणापाशी थांबली, इंजिन सुरूच ठेवून मागे वळली, आणि सव्वा महिन्यात पहिल्यांदा थेट माझ्याकडे बघून बोलली.

"इथे काय झालं होतं?"

"मधमाशी होती."

"आणि तिथे, मागे?"

"तिथे तू पटेलांना सांगितलंस, त्या मुलीला सांगा समोर बघायला. मी तुझ्याकडे बघितलं."

तिनं त्या वळणाकडे पाहिलं. मग मडगार्डवरची माती हातानं झाडली आणि म्हणाली, "ये, बस इथे. पुढचं वळण कुठे येतंय ते आधीच सांगत जा."